डोळे बारीक करा

तुमच्याही ओळखीत असा एकजण असणारच. फिरायला गेला की मध्येच थांबतो, एखाद्या खोडाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "दिसला का?" आपण "कोण?" म्हटलं की संपलं. आमच्या सोसायटीतल्या काकांकडे त्यावर एकच उत्तर आहे : "डोळे बारीक करा."

काका बँकेतून निवृत्त झाले आणि आसपासच्या झाडांना नाकडोळे फुटले. गेटावरच्या चिंचेत लोकमान्य, पगडीसकट. बागेतल्या आंब्यात त्यांचे जुने शाखाधिकारी, अजून रागावलेलेच. रात्री साडेअकराला ग्रुपवर फोटो, त्यावर लाल वर्तुळ, खाली 'डोळे बारीक करा'. पुढे माझा चष्म्याचा नंबर वाढला. "तक्ता वाचताना डोळे बारीक करू नका," म्हणून डॉक्टर डाफरले, तेव्हा काकांचा फोन नंबर ओठांवर आला होता.

त्यांना एकदा मंगळाची गोष्ट सांगून पाहिली. १९७६ साली व्हायकिंग यानाने मंगळावर एक चेहरा टिपला, बरीच चर्चा झाली, २००१ च्या स्पष्ट फोटोत नुसती टेकडी निघाली. माणसाच्या मेंदूला चेहरा ओळखायची इतकी घाई, की दोन ठिपके आणि एक रेघ त्याला पुरते. काका हळहळले. "स्पष्ट फोटो काढायची काय गरज होती?"

अशा माणसाबरोबर आम्ही काशीला गेलो. पंचगंगा घाट. वर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद, जवळच औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेलं बिंदुमाधवाचं देऊळ, अहिल्याबाईंच्या नावाने सांगितला जाणारा दगडी 'हजारा' दीपस्तंभ. गंगालहरीच्या ५२ श्लोकांसरशी गंगा ५२ पायऱ्या चढून जगन्नाथ पंडितांपर्यंत आली, ती आख्यायिकाही इथलीच. सगळे नदीकडे तोंड करून उभे. काका गंगेकडे पाठ करून, भिंतीतून फुटलेल्या पिंपळासमोर.

"कबीर! अहो, रामानंदांचा पाय लागावा म्हणून अंधारात पायरीवर निजलेले कबीर! हे काय, मूळ नाही, दाढी आहे. डोळे बारीक करा!"

ग्रुपफोटो काढायचं कामही त्यांनीच मागून घेतलं. पिंपळ पानापानासकट आलाय, आम्ही गळ्यापासून खाली.

पुढे एका गल्लीत त्यांची पंचाईत झाली. बनारसमध्ये कडुनिंबाला देवी मानतात, काही झाडांना साडी नेसवतात, खोडावर आपल्या गौरींसारखा मुखवटा बसवतात. तसं झाड समोर आलं. टपोरे डोळे, नथ, सगळं जागच्या जागी. काकांनी फोन काढला, पुन्हा खिशात घातला. "इथं सगळ्यांनाच दिसतंय," म्हणाले, आणि मुकाट हात जोडले.

हे होण्याआधी घाटावर मात्र त्यांनी आम्हाला गारद केलं होतं. जवळच्या ब्रह्माघाटावरचे मराठी गुरुजी सांगत होते, इथे पाच नद्या मिळतात : गंगा, यमुना, सरस्वती, किरणा, धूतपापा. आम्ही भक्तिभावाने माना डोलावल्या. समोर पाणी एकाच नदीचं.

"दिसल्या का पाचही?" काकांनी विचारलं. कुणी बोलेना. "म्हणजे चार नद्या न बघता मान्य, आणि माझ्या कबीराला एवढी दाढी असून तो दिसत नाही?"

मागच्या वर्षी पार्किंगसाठी गेटावरची चिंच गेली. काका कमिटीशी भांडले, हरले, गप्प झाले. मग स्मरणिकेसाठी चिंचेचा फोटो हवा झाला, आणि तो सोसायटीत दुसऱ्या कुणाकडेच निघेना. काकांकडे ढीग होता. लोकमान्य मला त्यांत आजही दिसत नाहीत. पण एक फांदी छाटलेली, मग त्या जखमेवर कडेकडेने साल चढत गेलेली, मधे खोलगट काळा ठिपका राहिलेला, आणि त्याचा डोळा झालेला, हे वर्षावर्षाने त्यांत दिसतं. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी पाहिलेलं मला आठवत नाही.

चिंचेच्या बदल्यात कमिटीने कोपऱ्यात अशोकाची रोपं लावली, सुतासारखी सरळ. काकांना ती मुळीच पसंत नाहीत. सरळ झाडाला चेहरा येत नाही म्हणतात. फांदी तुटावी लागते, खोडाला गाठ धरावी लागते, वीसेक वर्षं जावी लागतात. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत. माळी रोपांना आधाराच्या काठ्या बांधतो, संध्याकाळी पाणी घालायच्या निमित्ताने काका त्या सोडतात. सेक्रेटरींनी नोटीस लावली आहे. माळ्याने तर नावानिशी तक्रार दिली आहे.