कॅसेट क्रमांक दोन

आमच्या लग्नाच्या दोन कॅसेटी आहेत. पहिलीत सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत सगळं आहे, म्हणून ती कुणालाच बघायची नसते. दुसरीत विहिणींची पंगत आहे.

त्या पंगतीत आपल्याला श्रीखंड मिळालं नाही, असं माझ्या आत्याचं म्हणणं. 'मी स्वतः आग्रह करकरून दोनदा वाढलं', असं बायकोच्या मावशीचं म्हणणं. मे १९९२ पासून हा दावा चालू आहे. बारसं असो, मुंज असो की साठीशांत, एकदा तरी तो निघतो आणि 'कॅसेट लावा, दुधाचं दूध नि पाण्याचं पाणी होईल' इथे येऊन थांबतो. लावणार कशावर? आमचा व्हीसीआर भंगारवाल्याने तराजूत घालून नेला त्यालाही जमाना झाला.

शेवटी मुलीनेच डोंबिवलीत एक दुकान शोधून काढलं. तिथल्या पोराच्या मागे चार व्हीसीआर एकमेकांवर रचलेले होते. चालू एक, बाकीचे तीन त्याला अवयवदान करायला ठेवलेले. फुनाई नावाच्या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवा मिळतच नाही, असं तो म्हणाला. मग त्याने कॅसेटीचं झाकण उचलून आत बॅटरी मारली.

"काका, बुरशी आलीय."

फितीच्या कडेने पांढरं जाळं धरलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना, पट्ट्यांना आणि पापडांना बुरशी येते. लग्नालाही येते हे माहीत नव्हतं. अशी कॅसेट तशीच लावली तर व्हीसीआरच्या हेडला बुरशी लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या लग्नातही जाते म्हणे. म्हणून आधी स्पिरिटासारखं काहीतरी लावून, हळूहळू गुंडाळत फीत पुसायची. तीन तासांच्या कॅसेटीत ही अर्धा इंच रुंदीची फीत सुमारे २५८ मीटर असते. आमचा संसारही कुणी इतक्या निगुतीने पुसलेला नाही.

"जरा लवकर नाही का होणार? कॉपी-पेस्ट वगैरे?"

"काका, कॅसेट चालवूनच रेकॉर्ड करावी लागते. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तास. लग्नाला जेवढा वेळ लागला तेवढाच लागणार."

डीव्हीडी हवी की पेनड्राइव्ह, असं त्याने विचारलं. मी डीव्हीडी सांगितली. घरातल्या एकाही लॅपटॉपला तबकडी घालायची फट उरलेली नाही, पण आत्याकडे प्लेअर आहे. ती त्यावर कीर्तनं लावते. आणि हा खटला मुळात तिचाच.

एवढ्यात पोराने दुसऱ्या कॅसेटीच्या पाठीवर बोट ठेवलं. "ही सेलोटेप कुणी लावलीय?"

जाणकारांना सांगायला नको, कॅसेटीच्या पाठीला प्लास्टिकची एक चिमुकली खिट्टी असते. ती मोडून टाकली की वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. शूटिंगवाल्याने ती आठवणीने मोडून दिली होती. पण मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवली की व्हीसीआर फसतो आणि बिनतक्रार रेकॉर्ड करतो. ही युक्ती आमच्या घरात एकाच माणसाला ठाऊक होती.

त्या माणसाला दुकानाच्या स्टुलावर बसल्या बसल्या घाम फुटला.

९ मार्च १९९६. बंगळूर, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, समोर पाकिस्तान. शेवटच्या षटकांत अजय जडेजा वकार युनूसवर असा काही सुटला, की मी हाताला लागेल ती कॅसेट उचलली, सेलोटेप मारली आणि आत सारली. पहिली का लागली नाही हाताला? सप्तपदी गेली असती, सात पावलं मी आजही चालून दाखवली असती.

डीव्हीडी न्यायला गेलो तेव्हा हळूच विचारलं, "पोरा, तो भाग कापता येईल का रे?"

"कापू कशाला? लग्नापेक्षा मॅचचा कलर भारी आलाय, काका."

ते खरं होतं. लग्नाची आमची प्रत कॉपीची कॉपी होती. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याने कुणाकडे दिली ते तोही विसरला होता. मॅच मात्र अस्सल.

रविवारी आत्याच्या घरी दोन्ही पक्ष हजर झाले. मी मुद्दाम दाराजवळची खुर्ची धरली. आधी मिक्सिंगवाल्याची कलाकुसर झाली: कमळ उमललं, त्यातून बायको निघाली, बदाम फिरत आला, त्यातून मी निघालो. मग पंगत. हॅलोजनचा झोत तोंडावर आला की एकेक विहीण घास तोंडातच धरून पुतळा होत होती. श्रीखंडाचं पातेलं आलं. मावशी पुढे सरसावल्या. आत्याच्या शेजारणीच्या ताटात श्रीखंड पडलं. डाव पुन्हा पातेल्यात बुडाला, वर आला, आत्याच्या ताटाकडे वळला, पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या आणि जडेजाने वकारला सीमापार धाडलं.

खोलीत कुणी बोललं नाही. बायको टीव्हीकडे पाहतच नव्हती.

जडेजा २५ चेंडूंत ४५ करून गेला. मधली विश्रांती झाली, साबणाच्या जाहिराती झाल्या. पाकिस्तानची फलंदाजी आली. पळवायचा रिमोट आत्याच्या मुठीत होता आणि ती तो देईना. मध्येच पंगत परत येईल, अशी तिला आशा. आमिर सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारून बॅटने सीमारेषा दाखवली. पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. त्या दिवशी मी आनंदाने अशी उडी मारली होती की पायात अडकून व्हीसीआरची वायर उपटली होती. म्हणजे रेकॉर्डिंग तिथेच संपलं, आणि खाली दडलेलं लग्न वर आलं.

पाठवणी. सोहेल बाद झाला आणि सासूबाई हुंदके देऊन रडू लागल्या. पाठोपाठ सासरे, मेहुणा, शेजारपाजारचे. कॅमेरा सरकत सरकत आमच्या बाजूला आला, तर तिथे नऊवारीतली आत्या पदर डोळ्यांना लावून सगळ्यांहून मोठ्याने रडत होती.

मावशींनी लगेच बोट दाखवलं. "तुम्ही तर मुलाकडच्या! तुम्हांला हो कसलं रडू?"

"मग? बघा की आता," आत्या म्हणाली. "श्रीखंड मिळालं असतं तर रडले असते का?"