पाव आटा

बंद पडलेलं इंजिन दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येतं आणि चालू असलेलं कानाशी आणलं तरी ऐकू येत नाही, असा एक माणूस तुमच्याही ओळखीचा असणारच. नसेल तर तुमच्या घरी काही बिघडत नसावं. आमच्या जठारपेठेतल्या गृहस्थांना सगळे पावआटे साहेब म्हणतात. बाहेरच्यांना ते आडनाव वाटतं. आमच्या एका व्याह्यांनी तर "पावआटे म्हणजे दर्यापूरकडले का हो?" असं विचारून नातं कुठे लागतं ते काढायलाही घेतलं होतं. साहेबांचं खरं आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं आहे.

बाकीचे रिटायर लोक खिशाला पेन लावतात. साहेबांच्या खिशाला पिवळ्या मुठीचा बारीक पेचकस असतो. समोर कोणतीही वस्तू आली की तिच्यात फिरवण्यासारखं काय आहे ते आधी शोधायचं, पेचकस लावायचा, डोळे मिटायचे आणि मनगट किंचित वळवायचं. "जास्त नाई. पाव आटा."

शेगडीचा जाळ पिवळा येतो? पाव आटा. कपाटाचं दार कुरकुरतं? पाव आटा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की अकोल्यात देवघराच्या खालोखाल कूलरचा मान असतो. आमच्या कूलरच्या पाण्याची चावी साहेबांनी पाव आटा फिरवली आणि आमच्या पलंगावर मृगाचा पाऊस पडला. "गारवा आला की नाई?" असं वर विचारलं. डेंग्यूनं ॲडमिट होते तेव्हा स्वतःच्या सलाईनच्या नळीवरची चाकी त्यांनी सरकवली होती. सिस्टर धावत आली तर म्हणाले, "पाव आटाच देल्ला, कागदावर लिहून घ्या."

कावडीची गोष्ट तर सगळ्या जुन्या शहराला माहीत आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं रात्रभर चालत राजराजेश्वराला येतात. एका वर्षी एका मंडळाच्या ट्रॅक्टरवरचा जनरेटर जरा घरघरत होता. साहेब रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे होते. तिथून ते ट्रॅक्टरवर कसे चढले, कोणी पाहिलं नाही. एकदम दिवे गेले, डीजे गेला. पोरं अंगावर धावून आली. म्हाताऱ्या बायका मात्र, इतक्या वर्षांनी नुसत्या गळ्यातलं 'हर्र बोला महादेव' ऐकायला मिळालं म्हणून साहेबांच्या पाया पडायच्या तेवढ्या बाकी होत्या.

अशा माणसाच्या तावडीत माझ्या साळ्याची चेनसॉ सापडली.

साळ्याचं पातूर रोडला वावर आहे. बांधावरची जुनी बाभूळ अवकाळीच्या वादळात आडवी झाली, कापायला माणूस मिळेना, म्हणून त्यानं मोबाइलवर बोट फिरवून सगळ्यात स्वस्त मशीन मागवली. ५८ सीसी, २२ इंची पट्टी, केशरी रंग. डब्यावर 'जर्मन टेक्नॉलॉजी'. आंद्रेआस श्टील नावाच्या गृहस्थानं १९२६ साली जर्मनीत विजेवर चालणारी साखळी-करवत काढली हे खरं आहे, पण या डब्यात जर्मन म्हणावं असं ते एक स्टिकरच होतं. वावरात नेल्यावर मशीननं रंग दाखवला. दोरी ओढली की भुर्रर्र, आणि बंद. पुन्हा ओढली की पेट्रोलचा भपकारा, हूं नाही की चूं नाही. साळ्यानं ती आमच्या अंगणात आणून टाकली आणि चार झटके मारले नाहीत तोच फाटकाची कडी वाजली.

"ओव्हर झाली," साहेब फाटकातूनच म्हणाले. नाक वर होतं.

निदान बरोबर होतं, ते मान्य केलं पाहिजे. थंड इंजिनाला चोक देतात तो हवा कमी जावी आणि पेट्रोल जास्त यावं म्हणून. इंजिन एकदा खोकललं की चोक काढायचा असतो. साळा तो तसाच ठेवून खांदा निखळेस्तोवर ओढत होता. प्रत्येक झटक्याला पेट्रोल आत, प्लग चिंब, ठिणगी पडणार कुठून?

"सूनबाई, सांडशी द्या. आन् गॅस लावा."

माझ्या बायकोनं फोडणीचं भांडं उतरवलं आणि त्या बर्नरवर साहेबांनी काळाकुट्ट प्लग भाजायला धरला. त्या दिवशीच्या वरणाला टू-टी ऑइलचा वास होता. साहेबांनी ते मागून घेऊन खाल्लं. मग त्यांनी मशीन उलटी केली, प्लगचं भोक खाली, आणि ढेकर काढायला तान्हं लेकरू धरावं तशी मांडीवर आडवी धरून दोरी हळूहळू ओढत राहिले. भोकातून पेट्रोल तुळशीच्या ओट्याजवळ टपटपलं. कोरडा प्लग बसवला. चोक बंद, रेस पूर्ण दाबलेली, मागच्या मुठीत बुटाचं टोक, आणि एक झटका.

धडाडलं हो! निळा धूर, भिंतीवरचं मांजर पसार, शेजारची पोरं गोळा. साळ्यानं चक्क हात जोडले. जगातला कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. साहेबांनी खिशातून पेचकस काढला.

"काकाजी, राहू द्या ना!" साळा ओरडला.

"आवाज जरा भरून येते. पाव आटा."

बंद.

या मशीनच्या कार्बोरेटरला तीन स्क्रू असतात. एल हा मंद चालीच्या पेट्रोलचा, एच जोराच्या, टी नुसतं चालू ठेवण्याचा. साहेबांनी एलला पाव आटा दिला, तो जास्त झाला म्हणून एचला दिला, त्याचा तोल जाऊ नये म्हणून टीला दिला, आणि मग तिन्हींचे परत घेतले. संध्याकाळपर्यंत मूळ जागा कोणती होती हे त्यांनाही सांगता येईना. उद्योग करून देश उभा करणाऱ्यांच्या यादीत साहेबांचं नाव का नाही, ते मला तेव्हा कळलं.

मग रविवार लागले. रविवारी सकाळी साहेब जुनं वर्तमानपत्र अंथरून आमच्या पोर्चमध्ये बसत आणि मशीन पोटापर्यंत उघडी पडे. तेलावरून वाद झाला. दुकानदार म्हणाला लिटरला २० मिली. साहेब म्हणाले ४०, स्वस्तातल्या मशीनला पंचवीसास एकच पाहिजे. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं. त्यामुळे आमच्या घरात त्या उन्हाळ्यात कोणी खोकलं नाही. खोकून उपयोग नव्हता.

मग इथेनॉल निघालं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत ते असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्यासाठी न बनवलेलं रबर फुगतं नाही तर कडक होतं. साहेबांनी कार्बोरेटरमधला बोटभर पडदा चिमटीत धरून उन्हाकडे केला. "पाहा राजेहो. आपल्याकडे पऱ्हाटी आन् सोयाबीन. ऊस पिकते तिकडं. पन लिटर-लिटरमंधी ऊस आपल्या टाकीत. इदर्भाचा अनुशेष असा भरून काढून रायले हे लोक." सरकारनं इथेनॉल पाव आटा कमी करावं, असा अर्ज त्यांनी खरोखर लिहून ठेवला आहे. कोणाला पाठवायचा ते ठरत नाही.

नवा पडदा टिळक रोडवरून आला. त्याखालची सुई साफ झाली, तिचा बोटाच्या पेराहून लहान लिव्हर वर-खाली करून झाला, टाकीतलं फिल्टर बदललं. आता मशीन पहिल्या-दुसऱ्या झटक्याला सुरू होई, छान चाले, आणि थोड्या वेळानं तहानेनं घसा कोरडा पडल्यासारखी आचके देत थांबे. जरा थांबलं की पुन्हा सुरू. साळा घायकुतीला आला. मृग जवळ आला होता, बांध मोकळा नव्हता, आणि बाभूळ वाळून लोखंड होत चालली होती.

अशाच एका रविवारी मी पोर्चच्या जाळीमागे चहाचे कप घेऊन उभा होतो. मशीन थांबली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण अर्धं सैल केलं. 'फुस्स' आवाज आला. लगेच दोरी ओढली, मशीन चालू. मग त्यांनी मशीन बंद केली, झाकण पुन्हा गच्च आवळलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पडदाच हाय. येत्या रविवारी पाहू."

१९७२ साली चेतक आली, त्याच साली लुना आली. त्या काळात ज्याचा हात तेलात बुडाला त्या कोणालाही हा 'फुस्स' कळतो. टाकीतून पेट्रोल बाहेर पडतं तेवढी हवा आत यावी लागते. ती येण्याचं बारीक छिद्र भुशानं आणि तेलानं बुजलं की आत पोकळी धरते आणि पेट्रोल जागचं हलत नाही. हे साहेबांना कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. मला भयंकर राग आला. अंगणभर ऑइल, घरभर वास, साळ्याची पेरणी तोंडावर, आणि हा माणूस झाकण आवळून पडद्याला बोल लावतो!

राग ओसरायला वेळ लागला, आणि तो साहेबांच्या बायकोमुळे ओसरला. त्या एकदा डबा परत करायला आल्या आणि सहज बोलल्या. साहेब टेलिफोन खात्यात होते. खटखट वाजणाऱ्या जुन्या एक्स्चेंजात शेकडो रिले, प्रत्येकाचा स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूचा नेमका ताण. आवाजावरून साहेब सांगायचे, कोणत्या रांगेतलं काय अडकलं आहे. पाव आट्याच्या वर तिथे चालतच नसे. मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. बंद कपाट, आत कार्डं. बिघाड झाला की कार्ड काढायचं, दुसरं लावायचं; उघडायचं नाही, अशी ताकीद. शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी कार्डं ओढण्यात काढली. "घरी येऊन सगळे डबे उघडत," काकू म्हणाल्या. "चहाचे, साखरेचे, सगळे."

पुण्याच्या पोरानं त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला तेव्हा ते तो उलटासुलटा करत बराच वेळ बसले होते म्हणे. सगळा डिंकानं चिकटवलेला. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटरही गेला, इंजेक्शन आलं. पोराची बॅटरीवरची स्कूटर तर सुरू झाली की नाही तेच समजत नाही. "याले आटाच नाई बावा," एवढंच ते तिच्याभोवती फिरून बोलले होते. आणि अशात, एवढ्या शहाण्या झालेल्या जगात, कुठल्या तरी कारखान्यानं घाईगर्दीत, तीन ढिल्या स्क्रूंसकट, रोज ओव्हर होणारी आणि रोज बंद पडणारी एक केशरी मशीन बनवून थेट अकोल्याला पाठवली. दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकानं ती परत केली असती.

मी साळ्याला 'फुस्स'बद्दल काही बोललो नाही. बायकोलाही नाही. ती गॅसची शेगडी घासत होती, वेळ बरी नव्हती.

पण वावरात सालदार असतो, आणि सालदाराला कोणाच्या मनाशी घेणं नसतं. साळा वैतागून मशीन वावरात घेऊन गेला. ती आचके देऊन थांबली. सालदारानं टाकीचं झाकण काढून वास घेतला, उजेडात धरून पाहिलं, त्याच बाभळीचा एक काटा मोडला आणि छिद्रात घालून फिरवला. टाकी संपेस्तोवर मशीन थांबली नाही. साळ्याचा फोन आला तेव्हा मागे तिचा आवाज होता. त्याला ओरडून बोलावं लागत होतं आणि तो खुशीनं ओरडत होता.

साहेबांना हे कसं सांगावं या काळजीत मी होतो. रविवारी ते वेळेवर आले. मशीन परत आली होती, पुसलेली, पट्टीला बाभळीचा लाल भुसा चिकटलेला. त्यांनी तो नखानं काढून चोळून पाहिला.

"चालली?"

"चालली, काकाजी."

"काटा घातला असंन त्यानं."

मी गप्प. साहेबांनी खाली बसून साखळी बोटानं पुढे सरकवली, एक दात, दुसरा दात, चष्मा वर केला, तिसरा दात. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"भुसा पाहा कसा पिठावानी निंगाला. दात बोथट हायत. एक डावा, एक उजवा, तीस अंशात घासा लागते, आन् एकही कमी-जास्त नाई चालत. टिळक रोडले जा, ४.८ ची गोल कानस आन. पाचची देईन तो, घेजो नको. सूनबाई, चहा ठेवा, आज उशीर लागते."