पी.टी.चे सर

कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या कुठल्याही हायस्कुलात डोकावा, पी.टी.चे सर लगेच ओळखू येतात. गळ्यात शिट्टी, डोक्यावर रंग उडालेली टोपी, कधीकाळी पांढरे असलेले बूट. पोट जरा पुढं आलंय, पण त्यावर बोलायची सोय नाही. "पोट नाय ते, अनुभव हाय!" हे उत्तर तयार असतं.

पोरांची नावं सरांच्या लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. "ए ओगलेवाडी, रांगेत!" "तासगाव, गुडघा वर!" शिस्त एवढी अंगात भिनलेली की लग्नाच्या पंगतीतही वाढप्यांना "एक हात अंतर घ्या" म्हणून मोकळे होतात. कुणाचाही गुडघा फुटला तरी निदान एकच, "काय नाय झालं, चाल." पण खरंच काही झालं, तर पोराला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेणारे आणि त्याची आई येईपर्यंत बाकड्यावर बसून राहणारेही हेच.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्यांना मैदानावर बघावं. खुंट्या ठोकून सुतळी ताणायची, भोकं पाडलेल्या डबड्यातून फक्की सोडत उलटं चालत जायचं, मग उकिडवं बसून एक डोळा मिटून रेघ तपासायची. बोटभर वाकडी दिसली की पुसून पुन्हा. सकाळी पोरं दहा मिनिटांत ती तुडवणार, हे त्यांना माहीत असतं.

पावसाळ्यात तास वर्गात होतो आणि मग खाशाबा जाधव येतात. गोळेश्वरचा गडी, 1952, हेलसिंकी, बँटमवेट कुस्ती, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदक दरवर्षी तेच, पण हेलसिंकीची थंडी मात्र वाढत जाते. खाशाबांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, इथं आवाज भरून येतो. मग ऑफिसच्या दिशेनं बघत, "आणि आमच्याकडं फुटबॉलात हवा भरायला पैसं न्हाईत."

या भागातलं कुणीही चमकलं की ते 'आपलं'. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी मोहीची ललिता बाबर आपली. 2023 मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली साताऱ्याची अदिती स्वामी आपली. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलून रौप्य आणणारा सांगलीचा संकेत सरगर तर आपलाच. सरांनी यांतल्या एकालाही शिकवलेलं नाही. फलटणजवळच्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचं नाव मात्र ते जपून घेतात. टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या या तिरंदाजाला पहिल्यांदा हेरलं ते जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी. "बघा, मास्तरचा डोळा लागतो," एवढंच म्हणतात.

दिवाळी झाली की गणिताचे सर दारात उभे. "सर, दहावीचा पोर्शन राहिलाय." सर तास देतात, पण ऐकवून. "घ्या की. हृदय, फुप्फुसं तुम्ही वहीत काढून घ्या. वापरायची कशी ते सकाळी सहाला आमी बघतो." आणि खरोखर सहाला हजर. आलेल्या चार पोरांना चाळीस असल्यासारखी शिट्टी मारतात. व्हॅननं शाळेत येणारी पोरं सूर्यनमस्काराला वाकताना गुडघ्यात मोडतात, हे दुखणं सरांना त्यांच्या आईबापांच्या आधी कळलेलं असतं.

सुट्टीवर आलेला फौजी शाळेत येतो तेव्हा गणिताच्या सरांना नमस्कार करतो आणि पी.टी.च्या सरांना टाच आपटून सॅल्यूट ठोकतो. सर त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणतात, "वजन वाढलंय रं."

तेव्हा मुख्याध्यापक मंडळींना एवढीच विनंती. पोर्शन राहिला तर जादा तास घ्या, रविवारी बोलवा, वेळापत्रकातला पी.टी.चा तास मात्र पी.टी.च्या सरांकडंच राहू द्या.