खांदा टेकलाच नव्हता

लवळ्यात 'पैलवान कुठं भेटतील?' असं विचारलं, की लोक तालमीकडे नाही, चहाच्या टपरीकडे बोट दाखवतात. साठीचं वय, कुस्तीनं मोडलेले कान आणि सोयऱ्यांच्या जेवणावळींनी भरलेलं अंग. असा एक पैलवान मुळशीत गावोगाव असतो, आपला लवळ्याचा.

घराण्यात कुस्ती तीन पिढ्यांची आणि तिन्ही पिढ्या थोडक्यात हुकलेल्या. आजोबांची जत्रेतली शेवटची कुस्ती अंधारामुळं बरोबरीत सोडवली. गॅसबत्तीत रॉकेल असतं, तर! वडिलांना कोल्हापूरच्या तालमीचं बोलावणं आलं, ते नेमकं भातलावणीत. पाऊस आठ दिवस लांबला असता, तर! खुद्द पैलवानांचा गुडघा जिल्हा निवडीच्या आदल्या दिवशी गेला. गावातले काही म्हातारे म्हणतात, तो वरातीत नाचताना गेला. त्या म्हाताऱ्यांना पैलवान चहा पाजत नाहीत.

हा जर-तर घरापुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले, ते गादीमुळं. जन्म मातीत गेलेला माणूस गादीवर काय करणार? १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ तर पैलवानांच्या हिशोबी सोनंच. "मधी अर्धा तास दम खाऊ दिला असता ना, तर..." असं म्हणून ते कप खाली ठेवतात. पंच ही जमात त्यांना जन्मात पटलेली नाही.

अपवाद एकच. २०२५ ला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात शिवराज राक्षेचा खांदा टेकला की नाही, यावर राज्यभर रण माजलं. पण समोर मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ होता. पैलवानांनी गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, "पंचाचा निकाल म्हंजे निकाल." त्यात गदा मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाते, ती मुळशीत आल्यावर शंका घेणं त्यांना पाप वाटलं.

डोंगरावर सिम्बायोसिसची पोरं पहाटे कानात वायरी घालून पळतात. पैलवान प्रत्येकाची मांडी नजरेनं तोलतात आणि "पोरगं मातीत उतरलं असतं, तर..." म्हणून सुस्कारा सोडतात. ती पोरं त्यांना नमस्कार करून पुढं जातात, हा तरुण पिढीचा चांगुलपणा.

खरी पंचाईत नातीनं केली. शाळेच्या शंभर मीटरच्या शर्यतीत ती सरळ पहिली आली. ना पाऊस, ना अंधार, ना गुडघा. अशा निकालापुढं काय बोलायचं, याची घरात कुणालाच सवय नव्हती. पैलवान दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी टपरीवर येऊन म्हणाले, "शर्यत दोनशेची ठेवली असती, तर तालुक्याचा विक्रमच होता!"

लवळ्याला गेलात तर त्यांच्याकडचा चहा जरूर घ्या. गुडघ्याची चौकशी मात्र करू नका, मुक्काम पडेल.