तब्येतीला आलेले मामा

कामोठ्यात राहणाऱ्या माणसाने ऑपरेशन ठरवताना डॉक्टरच्या आधी नकाशा बघावा. कराड-साताऱ्याकडून निघालेल्या गाड्या एक्सप्रेसवे संपला की कळंबोलीला माणसं उतरवतात, आणि 'मॅकडोनाल्डला उतरा' एवढ्या पत्त्यावर घाटावरचे आमचे निम्मे नातेवाईक झोपेतसुद्धा बरोबर उतरतात. तिथून आमचं घर रिक्षाने दहा मिनिटं. हेच घर बोरिवलीला असतं तर माझ्या पित्ताशयाची विचारपूस फोनवर उरकली असती.

पेशंटला 'बघायला' येणं वेगळं आणि 'तब्येतीला' येणं वेगळं. बघायला येणारा शहाळं घेऊन येतो, पंख्याकडे बघत पाच मिनिटं बसतो, चहा नको म्हणतो आणि घेऊन जातो. तब्येतीला येणारा पिशव्या घेऊन येतो. त्याच्या पिशवीत टॉवेल असतो, तंबाखूची डबी असते, आणि परतीचं तिकीट नसतं. या जातीचे मुकुटमणी म्हणजे माझे मामा.

मामा आले ते ऑपरेशनच्या आदल्या रात्री. बरोबर मामी, मामींच्या बहिणीचा मुलगा, एक काकवीचा डबा, अर्धं पोतं भुईमुगाच्या शेंगा आणि दोन किलो कंदी पेढे. "आगं, सातारा लागला वाटंत. मोकळ्या हातानं यायचं व्हय?" माझ्या पित्ताशयात तेवीस खडे, डॉक्टरांनी तूप-तेल-खवा बंद केलेला. मामांनी पेढ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग हे आता आमालाच संपवाय लागनार," ते म्हणाले. आवाज दुःखी होता, पण पुडा सोडून झाला होता.

दवाखान्यात पेशंटमागे पास एक. मामांना पास लागला नाही. ते वॉचमनला त्याचं गाव विचारत आत शिरले. पाटणजवळचं निघालं. पुढचे दोन दिवस तो वॉचमन मामांना सलाम करायचा आणि आमच्या ह्यांना अडवायचा.

मला आत नेलं तेव्हा मामांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "किती वेळ लागंल?" तासभर, डॉक्टर म्हणाले. मामांनी घड्याळ बघितलं, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं, तास हितं बसून आपन काय करनार? तुमी सकाळपास्नं उपाशी." मी ऑपरेशनच्या टेबलावर होते तेव्हा ही मंडळी मिसळीच्या टेबलावर होती. दुसरा पाव मागवला आणि डॉक्टरांचा फोन आला, असं ह्यांनीच कबूल केलंय. मामांच्या मते दोन्ही गोष्टी व्यवस्थित पार पडल्या.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण मामांचा पुढचा सगळा कार्यक्रम त्याच्यावर उभा आहे. पूर्वी पित्ताशय काढायचं म्हणजे बरगडीखाली वीतभर चीर आणि आठ-दहा दिवस खाट. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं भारतातलं पहिलं ऑपरेशन केलं. आता पोटाला तीन-चार भोकं पाडतात आणि पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. विज्ञानाने असे माझे पाच दिवस वाचवले. पण तब्येतीला येणारा माणूस घरी सांगून निघतो तो जुन्याच हिशेबाने! गुरांची सोय आठ दिवसांची, दुधाचा निरोप आठ दिवसांचा. तिसऱ्या दिवशी मी घरी आले, स्वतःच्या पायांनी संडासला गेले, आणि मामांचा चेहरा पडला. ज्या कामासाठी यायचं ते कामच संपलं. आता उरलेल्या पाच दिवसांचं करायचं काय?

"जवळपास बघन्यासारखं काय हाय वो, पाव्हणं?"

पहिल्या दिवशी कर्नाळा. पक्षी अभयारण्यात सातजण गेले. सात कसे, विचारू नका. तोवर माझी चुलत नणंद दोन मुलं घेऊन 'तब्येतीला' आली होती. पक्षी एकही दिसला नाही. मामांचा आवाज मळ्यातून बैल वळवण्यासाठी तयार झालेला आहे, तो खाली येत नाही. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका मात्र त्यांनी मान वर करून पाच मिनिटं बघितला आणि "आपल्याकडं असता तर वर देऊळ बांधलं असतं" असा शेरा दिला. तिथूनच त्यांनी गावी फोन लावला. "व्हय, व्हय, पेशंटजवळच हाय. आत्ताच डोळा लागलाय तिचा." मागे माकडांचा आवाज येत होता. वॉर्डात पेशंट फार आहेत, असं सांगून त्यांनी तो निस्तरला.

परतताना पळस्पे फाट्यावर दत्त स्नॅक्स. हे ओघानेच आलं. मुंबईहून कोकणात जाणारा मराठी माणूस तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही, मग कर्नाळ्याहून परतणाऱ्याने का जावं? संध्याकाळी सगळे दारातून आत आले तेव्हा त्यांच्याआधी कोथिंबीर वडीचा वास आत आला. मी दुधीचं सूप पीत होते. सूप हा शब्द मामींचा. दुधी ज्यात उकडतो त्या पाण्याला माझ्या माहेरी काही नाव नव्हतं.

आणि मग मामा माझ्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांची खरी सेवा इथे सुरू व्हायची.

"तुला आनली न्हाई. उगं डोळ्यांपुढं नको. पर सांगतो." आणि ते सांगत. वडी बाहेरनं कशी होती, मोडल्यावर आतनं कशी निघाली, तीळ किती, तिखट कुठे लागलं, जिभेवर की घशात, चटणी कुठल्या बाजूला ठेवलेली होती. दुसरी मागवावी की नको यावर ह्यांचं आणि नणंदेचं काय बोलणं झालं. शेवटी म्हणत, "आता ऐकलंस म्हंजे तू खाल्ल्यासारखंच झालं. आन् तेल न्हाय लागलं." मी बायकांच्या मासिकांत डाएटवरचे बरेच लेख वाचलेत, पण कानाने जेवण्याची ही पद्धत कुणी सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मेट्रो. मानसरोवर स्टेशनातून लोकलने बेलापूर आणि तिथून मेट्रोने पेंधर. 2023 साली ती सुरू झाल्यापासून आम्ही स्वतः एकदाही बसलो नव्हतो. पाहुणे आल्याशिवाय आपल्या गावातलं आपण काही बघत नाही. शेवटच्या स्टेशनात उतरून मामांनी विचारलं, "हितं काय हाय?" हे म्हणाले, "पेंधर." "मग चला माघारी." अकरा स्टेशनं गेले, अकरा स्टेशनं आले. येताना खारघरला उत्सव चौकात सगळ्यांनी ज्यूस घेतला. मला सांगताना मामांनी फक्त ज्यूसचं वर्णन केलं.

तिसऱ्या दिवशी मामा आमच्या जुन्या घरमालकांकडे गेले. ते कामोठे गावठाणातले आगरी. सिडकोने जमिनी घेतल्या, मिठागरं-भातशेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या. पण त्यांच्या घरातला मासळीचा वार काही चुकलेला नाही. मटणावर वाढलेल्या मामांपुढे तांदळाची भाकरी आणि ओले बोंबील आले. त्या रात्रीचं वर्णन पाऊण तास चाललं. "आगं, हाड हाय आन् न्हाय बी. दातात येतंय तवर इरघळतंय. मासा हाय का साय हाय?" घरमालकांनी त्यांना वर आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, वर-खाली भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. पण ती थंडीत, वालाच्या शेंगा भरल्यावर. आता कशी मिळणार? मामा त्या रात्री पहिल्यांदा हळहळले. माझे टाके बघूनही इतके हळहळले नव्हते.

त्याच रात्री दोनच्या सुमाराला माझा खांदा दुखायला लागला. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट वायूने फुगवतात, त्यातला थोडा राहिला की कळ खांद्यात येते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तरी रात्री दोनला डॉक्टरांचं बोलणं आठवत नाही, आई आठवते. हे घोरत होते. दिवसभर सात माणसांना फिरवणं सोपं नाही. मामा हॉलमधून उठून आले, पिशवीतला टॉवेल तव्यावर गरम करून खांद्यावर ठेवला. पोटाच्या ऑपरेशनला खांदा का दुखावा, यावर त्यांचा संशय होता, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. नुसते बसले. मग हळूच म्हणाले, "बोंबलाचं सांगू का पुन्हा?" मी म्हटलं, सांगा. भाकरीपर्यंत पोचले तेव्हा मला झोप लागली असावी.

आठव्या दिवशी रात्रीच्या गाडीला मामा-मामी कळंबोलीला गेले. पेढ्यांचा पुडा रिकामा, शेंगांचं पोतं निम्मं. ह्यांचं वजन, ह्यांच्याच सांगण्याप्रमाणे, दोन किलोंनी वर. माझं तीन किलोंनी खाली.

सकाळी शोकेसमध्ये बघते तर खड्यांची डबी गायब. डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिलेले माझे तेवीस खडे. आल्यागेल्याला दाखवायचा आमच्या घरातला एकमेव खजिना. मी फोन लावला.

"व्हय, हायती माझ्यापाशी. पारावर दाखवाय आनल्यात. पर बावीसच भरत्यात गं. तू तेवीस म्हन्तीस." मी म्हटलं, असू दे, एक कमी. "आसं कसं आसू दे? बेलापुरात एकाला दाखवताना डबी उघडली हुती, तवा पडला आसंल. मेट्रोत बी बघाय लागंल."

म्हणजे खडे मेट्रोत फिरून आले होते. मी घरातच होते.

मग जरा थांबून मामा म्हणाले, "बरं, माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. हितला डॉक्टर म्हन्तो, लई घाई न्हाई. मी म्हनलं, करायचा तर तुमच्याकडंच पनवेलला करू. तेवढं मालकांना इचारून ठेव, वालाच्या शेंगा नेमक्या कंदी भरत्यात?"