वहिनी, हनुवटी खाली

साखरपुडा ठरला की पुणतांब्यात ज्याचा शब्द शेवटचा, तो भटजी नव्हे आणि मामाही नव्हे. तो शूटिंगवाला भाऊ. काळा टीशर्ट, गळ्यात दोन कॅमेरे, कमरेला बॅटऱ्यांची पिशवी. नवरीला पहिल्या मिनिटाला 'वहिनी' म्हणतो आणि दुसऱ्या मिनिटाला 'वहिनी, हनुवटी खाली'. एवढं धाडस अजून सासूनंही केलेलं नसतं.

चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन ज्ञानदेवांना भेटायला गेले असं सांगतात, आणि त्यांची समाधी याच गावात आहे. तेव्हा दणक्यात एंट्री मारायची हौस इथल्या मातीतलीच म्हणायची. आता वाघाच्या जागी बुलेट आणि आसुडाच्या जागी रंगीत धुराचं नळकांडं. भाऊ ते पेटवतो, वारा नेमका नवरीकडे वळतो आणि ठसका लागून पार्लरवालीची सगळी मेहनत गालांवर उतरते.

तरी माणूस कसबी आहे. दुपारी बाराच्या उन्हात तो कॅमेरा बाहेर काढत नाही. "डोळ्यांखाली खड्डे पडत्यात, दोघं उपाशी दिसतील." गोदावरीवर अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटावर तो जोडप्याला पाच-साडेपाचला नेतो. सूर्य त्यांच्या पाठीशी ठेवतो आणि तोंडावर रिफ्लेक्टरचा उजेड. ती चंदेरी चकती धरायला नवरीचा धाकटा भाऊ. त्याला घरच्यांनी खरं म्हणजे लक्ष ठेवायला पाठवलेलं असतं. चकती छातीपुढे धरली की त्याला समोरचं काही दिसत नाही. ८५ ची लेन्स १.८ वर उघडली की मागची धुणी, शेळ्या आणि गुटख्याच्या पुड्या धुक्यात विरून जातात. उरतात दोन चेहरे. तेही ताठ, पासपोर्टला बसल्यासारखे.

'हसा' असं भाऊ कधीच म्हणत नाही. "वहिनी, दादांनी पहिला फोन केला, तवा काय बोलले?"

"रेंज नाही म्हणाले."

दादा लाजून खाली बघतात, वहिनी त्यांच्याकडे बघून खळखळून हसते. खटॅक. शंभर जोडप्यांच्या अल्बमात उठून दिसतो तो हा फोटो. धुराच्या नळकांड्याचे पैसे मात्र वेगळे लागतात.

प्रत्येक पोझ तो दोनदा घेतो. एक 'घरच्यांची', मधून लहान मूल सहज जाईल एवढं अंतर ठेवून. दुसरी 'स्टेटसची', तिच्याविषयी न बोललेलं बरं. वडीलधाऱ्यांचा ग्रुप फोटो ही वेगळीच कसरत. २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप याच गावातून पेटला, तेव्हापासून इथल्या चार जाणत्यांना कॅमेऱ्याची सवय झाली आहे. लेन्स समोर आली की मुलीचे चुलते खाकरतात आणि हमीभावावर बोलू लागतात.

यान व्हॅन आयकनं १४३४ साली अर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र रंगवलं, त्यात मागच्या भिंतीवर झोकात आपलं नाव घातलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते आजही वाचता येतं. आमचा भाऊ त्याच घराण्यातला, फक्त नाव नवरदेवाच्या छातीवर टाकतो, वर मोबाईल नंबर.

मांडवाच्या कमानीवर फ्लेक्स लागला तेव्हा छापणाऱ्यानं चुकून स्टेटसवाला फोटो घेतलेला. दहा फुटी नवरदेव, दहा फुटी नवरी आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. भाऊचा चेहरा पडला. मुलीचे वडील कंबरेवर हात ठेवून बराच वेळ फ्लेक्स न्याहाळत राहिले.

"हे काय केलंस रे?"

"काका, चुकून..."

"चुकून काय? निमंत्रकांत माझं नाव व्याह्याच्या खाली, अन् तेबी बारीक!"