वस्त्रगाळ वीज

आमच्या घरात एक स्वर कायमचा मुक्कामाला आला होता. रेकॉर्ड लावा, नका लावू, ॲम्प्लिफायर सुरू केला की दोन्ही स्पीकरांतून तो घुमायला लागायचा : हूंऽऽऽ. मी त्याला घरघर म्हणत असे. बायको गाण्याचे क्लास घेते. तिनं एकदा पेटी उघडली, दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि निकाल दिला, "घरघर काय म्हणताय? पांढरी पाच आहे. जरा चढी."

मी कागद-पेन्सिल घेऊन पडताळलं. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 फेरे मारते. पेटीची पांढरी पाच सप्तकामागून सप्तक खाली नेत गेलं तर 49 ला येऊन टेकते. म्हणजे बाई बरोबर होती. शिवाय घरघरीत नुसते 50 नसतात, त्याचे पटही असतात : 100, 150, 250. म्हणजे षड्ज आला, पंचम आला, आणि अगदी स्वयंभू गंधारसुद्धा आला. तंबोऱ्याला आणखी काय लागतं? अमेरिकेत वीज 60 फेऱ्यांची. ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे लोंबकळते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या गायक मंडळींना घरच्या घरघरीवर रियाजसुद्धा करता येत नसणार. बिचारे.

पण मला तंबोरा नको होता, शांतता हवी होती. म्हणून मी एका मित्राला बोलावलं. ऑडिओच्या नादात ह्या मित्रानं बरंच काही घालवलं आहे. पण निदान त्या विषयावर बोलायला लोक त्याच्याकडे जातात. त्यानं पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि एखाद्याच्या पत्रिकेत मंगळ सापडावा तशा आवाजात म्हणाला, "तुझी वीज घाण आहे."

मला लागलं हो. तीस वर्षांत एकदाही बिल थकवलेलं नाही.

मग त्यानं सोबत आणलेल्या यंत्राच्या पडद्यावर माझी वीज मला दाखवली. पुस्तकात असते तशी गोल माथ्याची लाट नव्हतीच ती. तिची टाळू चपटी झाली होती. कारण असं की मोबाइलचे चार्जर, टीव्ही, कॉम्प्युटर, एलईडीचे दिवे ही सगळी मंडळी लाट अगदी वर आली की तेवढ्यापुरतं तोंड लावतात आणि बाजूला होतात. साऱ्या सोसायटीनं वरची साय खायची आणि माझ्या ॲम्प्लिफायरनं खालचं निळं दूध प्यायचं, असा प्रकार. त्यात मिक्सरच्या ठिणग्या आणि फ्रिजचे हिसके वेगळेच.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा आम्हा पोरांना ओट्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. तिचं पाणी वेगळं, तिचा हंडा वेगळा. मित्राचं म्हणणं थोडक्यात तेच होतं. मिक्सरला शिवलेली वीज ॲम्प्लिफायरला चालत नाही. त्याच्यासाठी सोवळ्यातली वेगळी वीज हवी.

"पॉवर कंडिशनर घे," तो म्हणाला.

मी चेष्टेनं विचारलं, की मग कोयनेची वीज चंद्रपूरच्या विजेपेक्षा मधुर लागत असेल, नाही का? पाण्यावरची ती, कोळशावरची ही. तो हसला नाही. विचारात पडला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कोयनेचे 1960 मेगावॉट आणि चंद्रपूरचे 2920 मेगावॉट एकाच जाळ्यात पडतात. भिशीत कुणाची नोट कुणाच्या हाती आली हे जसं सांगता येत नाही, तसं तेही सांगता येत नाही. पण ह्या पंथाचं जगभर असंच आहे. जपानमध्ये काही श्रोत्यांनी निव्वळ शेजाऱ्यांच्या विजेचा विटाळ नको म्हणून लाखो रुपये मोजून अंगणात विजेचा स्वतःचा खांब रोवून घेतला आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून वाचलो.

कंडिशनर घेतला. किंमत बायकोला सांगताना एक शून्य गळलं. ते कुठे पडलं ते मी अजून शोधतो आहे. वजन 22 किलो. लिफ्ट नाही. मी आणि वॉचमन दोघांनी तो वर चढवला. दुसऱ्या मजल्यावर दम खाताना वॉचमननं विचारलं, "इन्व्हर्टर का साहेब?"

"नाही."

"मग लाइट गेल्यावर काय होतं ह्याचं?"

"लाइट गेल्यावर हाही जातो."

तो बराच वेळ त्या खोक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

आता हा खोका करतो काय? साधे असतात ते विजेला गाळणं लावतात. माझा उच्चकुलीन. तो गाळत बसत नाही, भिंतीतून आलेली एसी मोडून तिची डीसी करतो आणि त्या डीसीतून नवीकोरी, गोल माथ्याची एसी घडवतो. ती ॲम्प्लिफायरला मिळाली की तो पहिलं काम काय करतो? तिची परत डीसी. म्हणजे पोळ्या मोडून त्यांचं पीठ करायचं, त्या पिठाच्या एकसारख्या गोल पोळ्या लाटायच्या, आणि ज्याच्या पानात वाढायच्या त्यानं बसल्याबसल्या त्यांचा कुस्करा करायचा.

पण माझा जीव जडला तो त्याच्या एका बटणावर. 'क्लीन.' ते दाबलं की खोका काही सेकंद साधी लाट सोडून भलत्याच आकाराच्या लाटा पाठवतो आणि त्यानं म्हणे ट्रान्स्फॉर्मरच्या गाभ्यात साचलेलं चुंबकत्व धुऊन निघतं. मी कॅसेटच्या जमान्यातला माणूस. टेप डेकच्या हेडचं चुंबकत्व काढायची कांडी मी स्वतः फिरवलेली आहे आणि तिचा उपयोग होत असे. जुना रंगीत टीव्ही सुरू करताना 'ढम्म' आवाज यायचा, तोही त्याच कामाचा. त्यामुळे बटणावर माझा चटकन विश्वास बसला. ट्रान्स्फॉर्मरचा गाभा बिचारा सेकंदाला शंभरदा दिशा बदलत असतो, त्याला एका बाजूला साचून राहायला उसंत कुठली, हा प्रश्न मला पैसे दिल्यावर सुचला. महत्त्वाचे प्रश्न त्याच वेळी सुचतात.

रोज रात्री साडेनऊला मी दिवा मंद करायचो, बटण दाबायचो, खोका गुरगुरायचा, थांबायचा. मग रेकॉर्ड. देवळात शिरताना घंटा वाजवल्यासारखं वाटायचं. आणि काय सांगू, ऐकू यायला लागलं! तबलजीच्या बोटांवरची पावडर ऐकू यायची. गायिकेनं घेतलेला श्वास, तिच्या मागे बसलेल्या शिष्येनं न घेतलेला श्वास, सगळं. मित्राला फोन करून मी म्हणालो, "अरे, पार्श्वभूमी काळीशार झाली." तो म्हणाला, "महिनाभर थांब, अजून काळी होईल."

त्या काळ्याशार पार्श्वभूमीवर पांढरी पाच तेवढी पहिल्यासारखीच घुमत होती. आता जास्त सुस्पष्ट.

महिन्याभरानं बायकोनं माझे डोळे तिच्या ओढणीनं बांधले. मुलगी मागे बसली. प्लग कधी खोक्यात, कधी सरळ भिंतीत. एकच रेकॉर्ड, तोच तुकडा, दहा वेळा. मी प्रत्येक वेळी ठामपणे सांगत होतो, "ही वस्त्रगाळ... ही ओवळी... ही तर उघडच वस्त्रगाळ!" दहापैकी चार बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते, असं मुलगी म्हणाली. इतका खर्च करून मी नाण्याच्याही खाली गेलो.

खोक्यावर अन्याय नको, म्हणून त्याच्या बाजूनंही दोन गोष्टी सांगतो. मुलगी हेअर ड्रायर मंद वेगावर लावायची तेव्हा पूर्वी ॲम्प्लिफायरचं पोट गुरगुरायचं. पुष्कळसे साधे ड्रायर मंद वेगासाठी लाटेची एकच बाजू वापरतात, त्यामुळे लाट कलते, आणि कललेली लाट मोठ्या गोल ट्रान्स्फॉर्मरना पचत नाही. ती गुरगुर खोक्यानं पूर्ण थांबवली. दुसरं, मिक्सरची खरखर आता स्पीकरमधून येत नाही. फक्त स्वयंपाकघरातून येते.

राहता राहिली पांढरी पाच. ती गेली एका मंगळवारी. गीझर बिघडला म्हणून इलेक्ट्रिशियन आला होता. गीझर झाल्यावर हात पुसत तो हॉलमध्ये आला आणि म्हणाला, "काका, हे काय गुणगुणतंय?" मी त्याला खोका, लाट, टाळू, साय सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं ॲम्प्लिफायरच्या मागे हात घातला आणि सेट टॉप बॉक्सकडून येणारी तार उपटली.

शांतता.

ती तार मीच लावली होती, मॅच मोठ्या आवाजात ऐकायला. केबलवाल्याच्या वायरीची अर्थिंग कुठल्या तरी लांबच्या इमारतीत, माझ्या ॲम्प्लिफायरची आमच्या सोसायटीच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात. दोन ठिकाणच्या मातीचं एकमत होत नाही, आणि त्यांच्यातला फरक गाण्याच्या तारेतून ये-जा करत घुमतो. खोका हे कधीच थांबवू शकला नसता. मी पुढच्या दारावर 22 किलोचा पहारेकरी बसवला होता आणि चोर मागच्या दारानं, माझंच बोट धरून, आत येत होता.

"ह्याचे किती?" मी विचारलं.

"ह्याचे कसले पैसे, काका? गीझरचे साडेतीनशे द्या."

बायको आतून आली, उंबऱ्यात उभी राहून तिनं क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "सूर बंद केलात होय? आता पंख्याचा ऐका. काळी तीन आहे."

तर, पॉवर कंडिशनर विकणे आहे. वजन 22 किलो. एकहाती वापरलेला, 'क्लीन'चं बटण उत्तम चालू. घेणाऱ्यानं सोबत एक माणूस आणावा, तिसरा मजला आहे. किंमत फोनवर सांगेन, पण संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यानच विचारावी. तेव्हा क्लास असतो.